गोवा केंद्र गळ्यात पडलंय, आता बारा तालुक्यांतल्या मेंबरांना धरून कसं चालवायचं?

विज्ञानटीचर_डिचोली

नमस्कार मंडळी. जरा लांबड लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी डिचोली तालुक्यात हायस्कूलला सायन्स शिकवते, १४ वर्षं झाली. आमची एक देशपातळीवरची शिक्षकांची संस्था आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण तिथली माणसंही इकडे वाचत असतात. वर्षाची मेंबरशिप ५०० रुपये नाहीतर आजीव ४०००, बदल्यात पत्रिका येते, कार्यशाळा असतात, प्रयोगांची किटं मिळतात, वर्षातून एक अधिवेशन. चांगली संस्था आहे, मी जे काय हाताने करून शिकवायला शिकले ते तिथेच, त्यामुळे तक्रार करतानाही जीव तुटतो.

तर इतकी वर्षं गोवा म्हणजे "महाराष्ट्र-गोवा विभाग" आणि विभागाचं ऑफिस पुण्यात. आमच्यात जोक आहे की १९६७ च्या जनमत कौलात गोंयकारांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचं जे नाकारलं ते संस्थेने एका ठरावात करून टाकलं. यंदाच्या अधिवेशनात शेवटी ठरलं की गोव्याला वेगळं केंद्र द्यायचं. टाळ्या झाल्या. मग विचारलं समन्वयक कोण होणार, गोव्यातून आम्ही तिघंच गेलेलो, एक सर पुढच्या मार्चला रिटायर, दुसऱ्या टीचरचं बाळ आठ महिन्यांचं, मग राहिलं कोण ते तुम्हीच सांगा.

चार्ज म्हणून मला काय मिळालं, तर एक एक्सेल फाइल, लेटरहेडची एक वर्ड फाइल आणि "ऑल द बेस्ट मॅडम".

त्या एक्सेलची कथा ऐका. गोव्याचे मेंबर किती हे कोणालाच माहीत नव्हतं कारण ऑनलाइन फॉर्मवर राज्य निवडायची जी यादी होती तिच्यात गोवा नव्हताच, त्यामुळे आमच्या लोकांनी निमूटपणे महाराष्ट्र निवडलेलं, दोघांनी कर्नाटक. मी मग पिनकोड ४०३ ने सुरू होतो ती माणसं चाळून काढली तर १४३ निघाली. त्यात एकच बाई तीन ओळींत, एकदा नाईक, एकदा त्याच आडनावाचं जुनं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, एकदा लग्नाआधीचं आडनाव. मागच्या वर्षी ही टीचर तीन पत्रिका येतात म्हणून दोन स्टाफरूमला वाटत होती, आणि तिच्याच शेजारच्या शाळेतला सर चार वर्षं पत्रिका येत नाही म्हणून रडत होता.

पैशाचं असं आहे की फी सगळी ऑनलाइन मुख्य ऑफिसला जाते. त्यातले ३० टक्के केंद्राला परत मिळतील असं सांगितलंय, पण तोंडी, आणि "वर्षअखेरीस". तोवर खर्च कोण करणार? पहिली मीटिंग मी फोंड्याला एका शाळेत लावली, शनिवारी, मध्यावरचं ठिकाण म्हणून. ४० माणसांचा चहा, मिक्स भाजी आणि बन सांगून ठेवले. आली ११, त्यातली चार त्याच शाळेची. नंतर कळलं की त्याच दिवशी बीएलओंचं, म्हणजे मतदारयादीच्या कामावरच्या टीचरांचं, ट्रेनिंग लागलेलं. २,८६० रुपये माझ्या पर्समधले गेले आणि घरी दोन दिवस मिक्स भाजी. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, आता पुढची मीटिंग कधी.

आणि वरून दर महिन्याला १४ कॉलमांचा रिपोर्ट मागतात. कार्यशाळा किती, लाभार्थी किती, पुरुष किती, महिला किती, फोटो किती. मेंबरांची नीट यादी देत नाहीत आणि लाभार्थी विचारतात.

कोणी असलं विभागीय केंद्र चालवलंय का? कुठल्याही शिक्षक संस्थेचं चालेल. यादी, पैसे, मीटिंगची जागा, आणि मुख्य ऑफिसला किती ऐकायचं किती सोडायचं, यावर जरा सांगा. सोडून दे असं मात्र सांगू नका, ते घरात रोज ऐकते.

कोल्हापूरकर_गणित

ताई, तुमची पोस्ट वाचून सहा वर्षं डोळ्यासमोरून गेली. मी आमच्या विषयाच्या संघटनेचं जिल्हा केंद्र चालवलंय, तिथेही चार्ज म्हणजे एक पिशवी मिळालेली, आत दोन पावतीपुस्तकं आणि रबरी शिक्का, शिक्क्यावर आधीच्या अध्यक्षांचं नाव.

सगळ्यात आधी काही करू नका, फक्त फोन करा. मीटिंग नको, कार्यशाळा नको, ग्रुपसुद्धा नको. १४३ म्हणजे रोज संध्याकाळी १० फोन धरले तर पंधरवड्यात संपतं. एक्सेलमध्ये चार रकाने वाढवा, चालू, निवृत्त, बदली, नंबर बंद. पाचवाही लागेल पण तो लिहायला जिवावर येतं, मी तिथे नुसती चांदणी काढायचो, एकदा फोन केला तर सरांच्या सूनबाईंनी उचलला आणि पत्रिका येते ती अजून त्यांच्या टेबलावरच ठेवतो म्हणाल्या, तेव्हापासून मी यादी तपासल्याशिवाय एक पत्र पाठवलं नाही.

फोनवर एकच विचारायचं, तुम्हाला संस्थेकडून काय हवंय. "काय मदत कराल" असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळे "सांगा की कधीही" असं देतात आणि नंतर फोन उचलत नाहीत.

यादी नीट झाली की मग तुमच्या हातात हुकमाचा एक्का. मुख्य ऑफिसकडे जुनी यादी असते, केंद्राकडे खरी. मी आमच्या लोकांना स्पष्ट सांगितलेलं की खरी यादी देतो, पण दर महिन्याला नवीन आणि नूतनीकरण झालेल्या मेंबरांची नावं मला पाच तारखेच्या आत आली पाहिजेत. दोन महिने आली नाहीत, मी रिपोर्ट पाठवला नाही, तिसऱ्या महिन्यात आली. भांडलो नाही हां, नुसता गप्प बसलो.

अजून एक, आजीव सभासदांपासून सावध. पैसे एकदाच येतात, ते मुख्य ऑफिसच्या कायम निधीत जातात, आणि तो माणूस पुढची ३० वर्षं केंद्राच्या अंगावर. त्याला पत्र पाठवा, चहा द्या, त्याच्यासाठी खुर्ची मांडा. ३० टक्के फक्त वार्षिक फीवर मिळणार असतील तर ज्या केंद्रात आजीव जास्त ते केंद्र कायम कंगाल. तुमच्या १४३ पैकी आजीव किती ते आधी मोजा आणि त्यांच्यापोटी दर वर्षी डोईमागे ठरावीक रक्कम मागा, व्याजातून द्या म्हणावं.

सुशेगाद_मास्तर

एवढा व्याप कशाला? वॉट्सॅप ग्रुप काढा आणि मोकळ्या व्हा.

विज्ञानटीचर_डिचोली

काढला होता सर. पहिल्या आठवड्यात ६२ गुड मॉर्निंग, एक एलआयसी, दोन फ्लॅट विकणे आहे म्हापसा, आणि एका सरांनी इलेक्शनवरून असं काही टाकलं की चार जणी बाहेर पडल्या. आता फक्त अॅडमिन लिहू शकतो असं करून ठेवलंय, तेव्हापासून स्मशानशांतता.

कोल्हापूरकर सर, आजीवचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता मोजले, ९७ आजीव. म्हणजे ३० टक्के ४६ जणांवरच. शाब्बास.

मडगावचा_जुना_खजिनदार

बाय, मी २२ वर्षं वेगवेगळ्या संस्थांचे हिशेब सांभाळलेत, रिटायर झालो तरी लोक अजून व्हाउचरं घेऊन घरी येतात. ऐक.

स्वतःच्या जीपेवर एक रुपयासुद्धा घ्यायचा नाही. कोणी कितीही म्हणो, टीचर तुमच्यावर विश्वास आहे. विश्वासाचा प्रश्नच नाही, तुझ्या खात्यात आलेले पैसे तुझे दिसतात, आणि तीन वर्षांनी नवा समन्वयक आला की पहिला प्रश्न तोच असतो, तेव्हा काय झालं होतं. मी असं एका सज्जन माणसाचं झालेलं बघितलंय, १,२०० रुपयांचा हिशेब लागेना आणि माणसाने संस्थेच्या कार्यक्रमालाच यायचं सोडलं.

केंद्राच्या नावाने बँकेत खातं काढायला गेलीस तर बँकवाला विचारणार नोंदणी कुठाय, पॅन कुठाय. केंद्र ही वेगळी संस्था नाहीच, ती शाखा आहे, म्हणून पॅन मुख्य संस्थेचा, आणि खातं उघडायला मुख्य कार्यकारिणीचा ठराव लागतो, त्यात सह्या कोणी करायच्या ती नावंसुद्धा. दोन सह्या ठेव, तुझी एकटीची नको.

कोणीतरी तुला सांगेल की गोव्यात वेगळी सोसायटी नोंदव. होतं ते, सोसायटी नोंदणी कायदा १८६० चा, निदान सात माणसं लागतात, आणि नोंदवल्यावर दर वर्षी सर्वसाधारण सभा झाली की १४ दिवसांच्या आत नव्या कमिटीची यादी निबंधकाकडे द्यायची. सात माणसं सहीला मिळतात गो, यादी द्यायला एकच उरतो. शिवाय वेगळी सोसायटी झाली की मुख्य संस्था हात वर करणार, तुमचं तुम्ही बघा म्हणून, तुमचं ऑडिट वेगळं, तुमची करसवलत वेगळी. पुण्याचे लोक तुला धर्मादाय आयुक्तांकडे जा म्हणतील, ते ऐकू नको, तो त्यांच्याकडचा १९५० च्या ट्रस्ट कायद्याचा प्रकार, आपल्याकडे सोसायटीचं काम निबंधकाकडे.

मग करायचं काय, तर कायम आगाऊ रक्कम माग. म्हणजे मुख्य ऑफिसने केंद्राला १०,००० रुपये देऊन ठेवायचे, तू खर्च करायचा, तीन महिन्यांनी व्हाउचरं पाठवायची, जेवढा खर्च झाला तेवढे त्यांनी भरून द्यायचे, की परत १०,००० पूर्ण. टक्केवारीची वाट बघत बसायची गरज नाही, ते ३० टक्के वर्षअखेरीला त्यातून वळते करू देत. सरकारी खात्यांत किरकोळ खर्चाला हीच पद्धत चालत आलीय, आणि तिच्यात एक सोय आहे की व्हाउचर पाठवलं नाही तर पैसे येत नाहीत, त्यामुळे हिशेब आपोआप ताजा राहतो. बनवाल्याचीसुद्धा पावती घे, साध्या कागदावर चालेल, तारीख, रक्कम, सही.

कोणी देणगी दिली तर पावती तू फाडायची नाही. देणगीवरच्या आयकर सवलतीची पावती मुख्य संस्थाच देऊ शकते, देणगीदाराला तिकडच्या खात्याचा नंबर दे.

आणि फी वाढवायची चर्चा निघाली की एक आठवण करून दे, ना नफा संस्थेची मेंबरशिप फी माणशी वर्षाला १,००० रुपयांपर्यंत असली तर जीएसटीतून सूट आहे. उगाच १,२०० करून ठेवतील.

यादी ग्रुपवर टाकू नको हेही सांगून ठेवतो. लोकांचे नंबर, पत्ते, जन्मतारखा आहेत तिच्यात. २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, आणि कायदा नसता तरी टीचर लोकांचे नंबर असे गावभर फिरवायचे नसतात.

सत्तरीची_मास्तरीण

मी प्राथमिकला आहे, वाळपईच्याही पुढे, शाळेत मी एकटीच शिक्षिका, मुलं १७. या संस्थेची मेंबर पण आहे मी, त्या १४३ मध्ये असेन कुठेतरी, टीचर तुमचा फोन अजून आला नाही. (राग नाही, आमच्याकडे रेंज असते कधी.)

सगळे पुण्याच्या नावाने बोटं मोडतायत म्हणून लिहिते. पुण्याने गोव्याला जे केलं तेच पणजी-पर्वरी-म्हापशाने आम्हाला केलंय इतकी वर्षं. कुठलीही कार्यशाळा, कुठल्याही संस्थेची, पर्वरीला. सकाळी साडेनऊला हजेरी. मला घरातून सहाला निघावं लागतं, वाळपईला येऊन बस, परत येताना संध्याकाळची बस चुकली की कोणाच्या तरी स्कूटरच्या मागे. आणि फोंडा म्हणजे मध्य हे नकाशावर. फोंड्याला यायलाही मला दोन बसेस.

शिवाय एकशिक्षकी शाळेतली बाई कार्यशाळेला आली म्हणजे शाळेचं काय हे कोणी विचारत नाही. भागशिक्षणाधिकाऱ्यांकडून बदली शिक्षक मागायचा, तो दुसऱ्या शाळेतून येणार, म्हणजे तिकडे गोंधळ. नाही मिळाला तर मुलं घरी. मी गेल्या वर्षी एकदाच आले होते, दिवसभर पीपीटी दाखवली, प्रयोग शेवटच्या २० मिनिटांत, तेव्हा मी बसस्टँडवर.

आणि तुमच्या त्या किटमधल्या वर्कशीटांबद्दल बोलायचं तर मराठीत असतात हे खरं, पण कुठली मराठी. ज्वारीच्या ताटाचं निरीक्षण करा म्हणे. ज्वारीचं ताट आमच्या मुलांनी टीव्हीतही बघितलं नसेल. मी ती शीट बाजूला ठेवली आणि काजूचा बोंडू आणला, बी बाहेर का लटकते ते विचारलं, पोरं पाऊण तास बोलत होती, अर्धं कोकणीत अर्धं मराठीत. घरी कोकणी, शाळेत मराठी, पुढे पाचवीपासून इंग्लिश, असं आमचं आहे. कुळागरात नेलं तर एका जागेवर माड, पोफळी, केळ, मिरवेल, अननस, उजेड कोणाला किती मिळतो हा अख्खा धडा तिथे उभा आहे. ते किटमध्ये कोण घालणार? पुण्याला कसं सुचणार, ते तुम्हीच घालायला हवं ना, गोवा केंद्राने.

जरा जास्त बोलले, पण बोलायचंच होतं.

विज्ञानटीचर_डिचोली

टीचर, चुकले. तुमचा नंबर यादीत आहे पण एक आकडा कमी आहे, नऊच आकडे आहेत. मेसेजमध्ये पाठवा.

तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. फोंडा मध्यावर म्हणून मी स्वतःवरच खूश होते. डिचोलीहून फोंडा मला सोपं पडतं, खरं कारण ते असणार.

काणकोणचो_पाव्हणो

सत्तरीच्या टीचरांना पूर्ण पाठिंबा, आणि आमचीही हजेरी लावून घ्या. काणकोणच्या चावडी गावाहून पणजी ७० किलोमीटरच्या वर, करमल घाट उतरून मडगावला पोचेपर्यंतच माणसाचा अर्धा उत्साह संपतो. मडगावला लावली तर मी येईन, ट्रेननेही येता येतं. पर्वरीला लावली तर मी मेंबर नाही असं समजा.

कोल्हापूरकर_गणित

सत्तरीच्या मॅडमनी मुद्द्याला हात घातला. आमच्याकडे चंदगड, आजरा, गगनबावडा ही मंडळी हेच बोलायची आणि आम्ही कोल्हापुरात बसून "प्रतिसाद कमी आहे" असं इतिवृत्तात लिहायचो.

आम्ही शेवटी केंद्राचे तुकडे केले. जिल्हा केंद्र फक्त यादी, पैसे आणि पत्रव्यवहार बघणार, कार्यक्रम सगळे खाली, चार-पाच जणांच्या गटात, ज्याच्या गावात त्याच्या गावात. मोठी सभा वर्षातून एकच. फिजिक्सच्या शिक्षकांची आयएपीटी बघा, १९८४ ची संस्था, तिच्या प्रादेशिक परिषदा आहेत आणि त्यांच्या खाली उपपरिषदा, उगाच नाहीत. किंवा मराठी विज्ञान परिषद घ्या, १९६६ पासूनची, मुंबईत मुख्यालय पण गावोगावच्या विभागांवर चाललीय. मुख्यालयाने माणसं आणि साहित्य पुरवायचं, कार्यक्रम कुठला आणि कधी ते विभागाने ठरवायचं. तुमच्या संस्थेची घटना मागवून घ्या आणि केंद्रांचं कलम वाचा, तुम्ही उपकेंद्र काढू शकता का, त्याला कोणाची मंजुरी. बहुतेक ठिकाणी कलम असतं, कोणी वाचलेलं नसतं.

आणि तारखा! तारखांचं आत्ताच बोलून घ्या. आमच्या राष्ट्रीय लोकांनी एकदा विभागीय कार्यक्रम कोजागिरीनंतर लगेच लावला, सहामाहीच्या पेपर तपासणीत. त्यांच्याकडे वेगळ्या राज्याचं कॅलेंडर.

विज्ञानटीचर_डिचोली

तारखांचं तर बोलूच नका सर. यंदा त्यांनी सगळ्या केंद्रांत एकाच दिवशी "प्रयोग दिवस" लावला, ३ डिसेंबर. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, गोव्यात सुट्टी, अर्धा स्टाफ तिकडे. कळवलं तर उत्तर आलं "यू मे डू इट आफ्टर स्कूल अवर्स". शाळाच नाही तर आफ्टर कुठला. गणेश चवथीच्या सुट्टीतही एकदा ऑनलाइन बैठक ठेवलेली, माझ्या हाताला नेवऱ्यांचं पीठ.

आणि आता २०२५ पासून वरचे वर्ग एप्रिलातच सुरू होतात आमच्याकडे, त्यामुळे त्यांची "एप्रिल-मे सुट्टीतली शिबिरं" पण कोलमडली.

मडगावचा_जुना_खजिनदार

तारखांसाठी सोपा उपाय. जूनमध्येच तूच एक कागद पाठव, "गोवा केंद्र या तारखांना उपलब्ध नाही". चवथ, फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ, शिगमो, कार्निव्हल, बोर्डाच्या परीक्षा, सगळं लिही. आधी आपण लिहून दिलं की बदलायचं काम त्यांचं. मागाहून कळवलं की आपण कुरकुरे ठरतो.

आणि माणसं यावीत असं वाटत असेल तर तास मोजले जातील असं बघ. नव्या शैक्षणिक धोरणात, एनईपी २०२० मध्ये, प्रत्येक शिक्षकाला वर्षाला निदान ५० तासांचं प्रशिक्षण म्हटलंय. तुमच्या कार्यशाळेचे तास त्यात धरले जातात का, हे पर्वरीला शिक्षण खात्याकडे अर्ज करून लेखी विचार. हो आलं तर ड्युटी लीव्हही मागता येईल आणि हेडमास्तर अडवणार नाही. नाही आलं तर निदान खोटी आशा नको. अर्ज मुख्य संस्थेच्या लेटरहेडवर, त्यांच्या सचिवाच्या सहीने जाऊ दे, एकट्या टीचरचा अर्ज फायलीत झोपतो.

सुशेगाद_मास्तर

मी वॉट्सॅप म्हटलं ते मागे घेतो. पण एक सुचवू का, ग्रुप तालुक्याचे करा, १०-१२ जणांचे. १४३ जणांच्या ग्रुपवर माणूस गुड मॉर्निंग टाकतो कारण दुसरं काही बोलायची लाज वाटते, इतक्या लोकांसमोर "मला हा प्रयोग जमला नाही" कोण लिहिणार.

विज्ञानटीचर_डिचोली

(तीन आठवड्यांनी)

फोन संपले. कोल्हापूरकर सर, पंधरवड्याचे तीन आठवडे झाले, कारण प्रत्येक जण निदान २० मिनिटं बोलतो. १४३ मधली डबल-तिबल नावं काढून १२१ माणसं राहिली. त्यात ३४ निवृत्त, आठ नंबर बंद, पाच ठिकाणी चांदणी. निवृत्तांपैकी नऊ जण म्हणाले आम्हाला काम द्या, आम्हाला कोणी विचारतच नाही, आणि त्यातल्या एका बाईंनी, साखळी गावच्या, सांगितलं की एकशिक्षकी शाळेची टीचर कार्यशाळेला जाणार असेल तर मी त्या दिवशी जाऊन मुलांना गोष्टी सांगत बसेन. मला हे सुचलंच नसतं. अर्थात परवानगी लागेल, भागशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून आले, "लेखी द्या, बघतो" म्हणाले, म्हणजे अजून नाही म्हणालेले नाहीत.

काय हवंय याचं उत्तर सगळ्यात जास्त काय आलं सांगू? "आमच्या शाळेत येऊन बघा." कार्यशाळा मागणारे फक्त सहा.

मुख्य ऑफिसला तीन गोष्टी लिहून पाठवल्या, कायम आगाऊ रक्कम, महिन्याला नवीन नावं, आणि फॉर्मच्या यादीत गोवा घाला. तिसरी दुसऱ्या दिवशी झाली. नावं पाठवतो म्हणाले. आगाऊ रकमेवर "कार्यकारिणीपुढे ठेवू", ५,००० पर्यंत येतील असा अंदाज. आजीवच्या डोईमागे रकमेला स्पष्ट नाही आलं, निधीला हात लावता येत नाही म्हणे. भांडणार आहे पण पुढच्या वर्षी, एका वर्षात एकच भांडण. आणि आधीचे २,८६० मिळणार नाहीत, कारण बनवाल्याची पावती नाही, खजिनदार काका हसतील आता.

फोंड्याला सगळ्यांची एकच मोठी मीटिंग हा प्रकार आता बंद. त्याऐवजी पाच ठिकाणी छोट्या बैठका, वाळपई, म्हापसा, फोंडा, कुडचडे, मडगाव, काणकोणकर मडगावला येतो म्हणालेत ते स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. पहिली वाळपईला, सत्तरीच्या टीचरांच्या शाळेतच, शाळा सुटल्यावर, आणि विषय कुळागर. मी शिकवणार नाही, मी शिकायला येणार.

एक अडचण आहे, ४० किटांचा बॉक्स कुरियरवाल्याने पर्वरीला ठेवलाय, त्यातली १५ वाळपईला हवीत, माझी स्कूटर आहे आणि बॉक्स फ्रिजएवढा.

मडगावचा_जुना_खजिनदार

हसलो. पण वाईट वाटलं. पुढच्या वेळी मी स्वतः येतो पावती घ्यायला.

सत्तरीची_मास्तरीण

टीचर, १५ किटं लहान खोक्यात घाला आणि पणजी बसस्टँडवर वाळपईच्या अडीचच्या गाडीत कंडक्टरकडे द्या, आमची पुस्तकं, औषधं, सगळं तसंच येतं. खोक्यावर माझं नाव नको, नुसतं शाळेचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, तो ओळखतो. साडेचारला मी स्टँडवर असेन. आणि वर्कशीटं काढून ठेवा हां त्यातली, वजन कमी होईल.

विज्ञानटीचर_डिचोली

काढली. देव बरें करूं.